चार घरांत दिलेली किल्ली

दाबलं की चेपायचं, सोडलं की हळूहळू फुगून पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं — नारिंगी स्पंजचं ते बोटाच्या पेराएवढं बूच उपासनाच्या चिमटीत होतं, आणि धुण्याच्या ढिगातल्या रवीच्या पँटचा खिसा अजून उलटाच लोंबत होता. कानात घालायचं बूच. म्हणजे परवा तो पुन्हा नेमबाजीच्या रेंजवर गेला होता. ऑफिसात उशीर झाला म्हणाला होता, आणि तिनं बिचारा दमून आला म्हणून भात दुसऱ्यांदा गरम करून वाढला होता... खोटं बोलल्याचा तिला राग यायला हवा होता. पण राग आलाच नाही. त्या दोन आठवड्यांत तिला दुसरं काही येतच नव्हतं, नुसती भीती यायची, सकाळी दूध उकळताना, लेकीची, जागृतीची वेणी घालताना, केव्हाही.

दोन आठवड्यांपूर्वी रवीनं रिव्हॉल्व्हर घरात आणलं होतं. त्याला कारण होतं, नाही असं नाही. त्यांच्याच कॉम्प्लेक्समधल्या आसावरीच्या घरी भरदुपारी चोरी झाली. टीव्हीला हात लावला नाही, कॅमेऱ्याला नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा जमिनीवर उपडा केला आणि त्यातलं सोनं नेलं. देशी बायका सोनं कुठं ठेवतात हे चोरांनाही ठाऊक झालं होतं. त्या दिवशी रवीनं घरातली प्रत्येक खिडकी तीनतीनदा लावून पाहिली. मग परदेशी माणसाला बंदुकीसाठी जे वेगळं लायसन्स लागतं त्याच्या रांगेत तो इतक्या हौसेनं उभा राहिला, की ग्रीन कार्डासाठीसुद्धा कधी राहिला नव्हता. फळीवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि भिंतीच्या पलीकडे कपड्यांच्या कपाटात ते. रविवारी वंदनेत प्राणिहिंसा करणार नाही हे पहिलं शील म्हणताना उपासनाचा आवाज आता अडखळायचा. रवीचा नाही अडखळायचा.

त्या दिवशी सकाळी अकराला डेल आला. रवीच्या टीममधला, पन्नाशीचा, इथंच रेडमंडच्या आसपास वाढलेला. बूट न सांगता दाराशी काढणारा एकमेव अमेरिकन म्हणून उपासनाला तो आवडायचा. पाठोपाठ राजेश आला — मूळचा नागपूरचा, पंधरा वर्षांत इथला नागरिक झालेला, आणि अंगावर पिस्तूल बाळगायचं लायसन्स खिशात असलेला. तिघं जेवणाच्या टेबलाशी बसले. मध्ये वर्तमानपत्र पसरून त्यावर रवीचं रिव्हॉल्व्हर, गोळ्या काढून, उघडं. उपासनानं पोह्यांच्या बशा ठेवताना ते वर्तमानपत्र दोन बोटांनी थोडं पलीकडे सरकवलं. खरकटं लागू नये म्हणून की विटाळ होऊ नये म्हणून, तिचं तिलाच कळलं नाही.

"होल्स्टर स्वस्तातलं घेऊ नकोस," डेल म्हणाला. तो इंग्रजीतच बोलत होता, पण उपासनाच्या डोक्यात ते मराठीत उतरत होतं; होल्स्टर म्हणजे कमरेला रिव्हॉल्व्हर अडकवायचं म्यान. "गन शोमध्ये टेबलावर ढीग असतो. सहा महिन्यांत सैल पडतात."

"आणि लेदरचंच घे यार," राजेश म्हणाला. "मी आधी नायलॉनचं घेतलं, पैसे वेस्ट. बेल्टपण जाड लागतो, नाहीतर पँट खाली येते, सिरियसली."

स्कूटर घेताना बोलावं तसं बोलत होते. ॲव्हरेज किती देते, डिकी मोठी आहे का.

"कॅरीचं लायसन्स कधी येतंय?" डेलनं विचारलं.

"फिंगरप्रिंट्स दिलेत," रवी म्हणाला. "महिना तरी लागेल म्हणाले."

"मग तोवर अंगावर नको. गाडीत भरलेलं नको." कायद्याच्या बाबतीत डेल भलताच सोवळा होता. "लायसन्स आल्यावरही शाळेत नाही, कोर्टात नाही, बारमध्ये नाही. आणि पूल ओलांडून पलीकडे ओरेगॉन राज्यात गेलास, की तुझं लायसन्स म्हणजे नुसता कागद."

"माझं तेच झालं होतं!" राजेश हसायला लागला. "पोर्टलंडला लग्नाला चाललो होतो. अर्ध्या पुलावर आठवलं, कमरेला आहे! पलीकडची पहिली एक्झिट घेतली आणि परत. आमची शुभा अजून ऐकवते मला, मुहूर्त चुकवला म्हणून."

"घरात मात्र प्रश्न नाही," डेल म्हणाला. "घर तुझं. बेल न वाजवता कोणी दार उघडून आत आलं, तर तू घाबरून गोळी झाडलीस हे कोणालाही पटेल."

"आमच्याकडे बेल न वाजवताच येतात," उपासना ओट्याशी उभी राहून म्हणाली. इंग्रजीत, एकेक शब्द नीट लावून.

रवीनं मग हसत हसत डेलला समजावलं. त्यांच्या घराची किल्ली चार घरांत दिलेली होती — शैलजामावशींकडे, आसावरीकडे, राजेशकडे आणि रवीच्या एका मित्राकडे. कोणी भांडं परत करायला यायचं, कोणी पहाटेच्या फ्लाइटआधी टेकायला. आपल्या माणसानं आपल्या दारात ताटकळायचं नाही, हा उपासनाचा नियम होता, आणि का, हे तिनं रवीलासुद्धा कधी धड सांगितलं नव्हतं.

डेलनं चमचा खाली ठेवला. "चार? मग किल्ल्या परत घ्या. नाहीतर हे परत करा. दोन्ही एका घरात नको."

"अरे, आपले लोक आहेत ते," रवी म्हणाला. "मी ओळखीन ना."

"वहिनी, मी तर आजपासून बेल वाजवूनच येणार," राजेश म्हणाला, आणि दोघं हसले. डेल हसला नाही. त्या गोऱ्या माणसाचे हात धरून सांगावं, पुन्हा एकदा बोल, मोठ्यानं बोल, असं उपासनाला वाटलं. पण तो पाहुणा होता, आणि रवीनं विषय बदलला होता.

किल्ल्या परत मागायच्या... कोणत्या तोंडानं? शैलजामावशींकडून? शेजारच्या सिद्धेशची आई, साठी उलटलेली, पुण्याच्या पेठेतली. गावाकडे असल्या घरातली बाई आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. आणि इथं मावशी तिच्या फ्रिजमधून दही काढून न्यायच्या, "तुझं विरजण चांगलं लागतं गं" म्हणायच्या. पहिल्यांदा नेलं तेव्हा उपासना फ्रिजचं दार धरून कितीतरी वेळ उभी राहिली होती. ती किल्ली परत मागायची म्हणजे... नाही, ते तिच्यानं होण्यासारखं नव्हतं.

निघताना डेल म्हणाला, घरात आहे तर तुम्हालाही रिकामं करता यायला हवं. त्यानं ते तिच्या हातात दिलं. ती नको नको म्हणत होती. जड असेल असं वाटलं होतं, तितकं नव्हतं. मुठीत नीट बसलं. दोन्ही हातांनी असं धरायचं, बोट बाहेर ठेवायचं, मग इथं दाबून उघडायचं... बटाटा सोलायला शिकवावं तितक्या शांतपणे तो शिकवत होता. तिनं ते पटकन खाली ठेवलं आणि हात साबणानं धुतले. मग रवीनं ते भरून कपाटातल्या पोलादी पेटीत ठेवलं — चार बटणांची पेटी, जागृतीच्या जन्मतारखेच्या आकड्यांनी उघडणारी. होल्स्टर बघून, येताना जागृतीला बर्थडे पार्टीतून घेऊन येतो म्हणाला, आणि तिघं गेले.

चार वाजले असतील. नोव्हेंबरातला उजेड तो केवढा, रिमझिम पावसात तोही विझत आलेला. ड्रायरमधून काढलेले गरम टॉवेल टोपलीत घेऊन उपासना बेडरूमच्या दारात, पॅसेजच्या टोकाशी घड्या घालत बसली होती. घर गप्प होतं. आसावरीच्या घरी ते याच सुमाराला आले असतील... गाडी दिसत नाही, दिवा नाही, म्हणजे घरात कोणी नाही. आमचीही गाडी खाली नाही. मी दिवा लावलेला नाही. उठून लावावा, एवढाच विचार होता.

दाराच्या कुलपात किल्ली फिरली.

फिरली, अडली, पुन्हा फिरली. रवी नव्हे, रवीची किल्ली अडत नाही. हाक नाही. जिन्याच्या बाजूनं कोणाचा तरी दमलेला श्वास... आणि मग मधलं काहीच नव्हतं. बटणं दाबल्याचं तिला पुढे कधीच आठवलं नाही. ती पॅसेजच्या टोकाशी उभी होती, हात समोर ताठ, दोन्ही हातांनी धरलेलं, डेलनं दाखवलं होतं तसं — फक्त बोट बाहेर नव्हतं. दार उघडलं आणि एक पाठ आत आली. पाठच. ओला काळा रेनकोट, डोक्यावर हुड, दार पाठीनं ढकलत कोणीतरी आत येत होतं.

पाठ वाकली. हातातलं स्टीलचं पातेलं जमिनीवर ठेवलं. मग एका पायानं दुसऱ्या पायातला बूट काढायची धडपड सुरू झाली, आणि बुटाच्या वर निळ्या फुलांच्या साडीचा काठ होता.

शैलजामावशी.

तिनं ओळखलं. ते तिला नंतर हजारदा आठवून पाहावं लागणार होतं, म्हणून ती त्याच क्षणी नीट लक्षात ठेवत होती: तिनं ओळखलं, साडी ओळखली, वाकलेली कंबर ओळखली, आणि तरी हात खाली आले नाहीत. एक बूट निघाला. दुसऱ्याची लेस अडकली. हात तसेच. ते हात भीतीचे झाले होते आणि तिचं काही ऐकत नव्हते.

मग केव्हातरी खाली आले. तिनं ते पाठीमागच्या टोपलीत, टॉवेलांखाली खुपसलं.

"अगं बाई! घरीच आहेस?" मावशी वळल्या आणि छातीवर हात ठेवून हसल्या. "घाबरलेच की मी. खाली गाडी नाही, म्हटलं कोणी नसेल, कढीचं पातेलं ठेवून जावं. अंधारात काय बसलीस?"

"धुणं..." उपासना म्हणाली. "घड्या घालत होते."

"मग आण की इकडे. दोघी मिळून घालू." आणि मावशी टोपलीकडे आल्या, ओले हात साडीला पुसत, वाकल्या.

"नको!"

ती किंचाळलीच. आपण एवढ्या मोठ्यानं ओरडू शकतो हे तिला ठाऊक नव्हतं. मावशींचा हात टॉवेलाच्या वीतभर वर थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं, मग हळूहळू चेहराच मिटत गेला, आणि मावशी सरळ उभ्या राहिल्या.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "तुमचे धुतलेले कपडे असतील. मला सुचलंच नाही, बाहेरचे हात." त्यांनी काय अर्थ घेतला देव जाणे. मावशी, तसं नाही हो, त्यात... त्यात काय? तिनं टोपली पायानं मागं सरकवली. मावशींनी बूट चढवले, किल्ली पर्समध्ये टाकली, जराशी थांबून म्हणाल्या, "कढी उकळू नकोस, फुटेल," आणि दार हलकेच ओढून गेल्या.

उपासना टोपलीशी खाली बसली. तेरा वर्षांची होते मी. मराठवाड्यात नामांतरावरून पेटलं होतं, दिवेलागणीची वेळ, वस्तीच्या वरच्या अंगाला धूर. आम्ही सगळे आत, कडी लावलेली, आणि आबा दाराशी, हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड. तेवढ्यात कोणीतरी दार बडवलं. "दाजी, उघडा, मी हाय." त्र्यंबकमामा होता, आईचा भाऊ. मला इतक्या आतून ऐकू आलं. आईला आलं, ती धावली, आबांनी तिला एका हातानं मागं लोटलं. मामानं किती वेळ बडवलं असेल... मग बडवणं थांबलं. मामा वाचला, खांद्यावर भाजल्याचा डाग घेऊन, पण पुन्हा आमच्या घरी आला नाही, माझ्या लग्नालाही नाही. आबा मरेपर्यंत एकच सांगत राहिले: गलबल्यात आवाज ओळखू आला नाही. उपासनानं त्यांना कधी माफ केलं नाही. आणि म्हणूनच तर या परक्या देशात तिनं चार घरांत किल्ल्या वाटल्या होत्या.

दाराची बेल वाजली.

एकदाच, अगदी हलकी. तिच्या घराची बेल आपल्या माणसांपैकी कोणी वाजवतच नसे, तिला आवाजही परका वाटला. मावशी परत आल्या असतील. काही विसरलं असेल, नाहीतर अर्ध्या जिन्यात राग विरघळून, पोरीला झालंय तरी काय म्हणून विचारायला आल्या असतील. किल्ली पर्समध्ये असून बेल वाजवत होत्या. तिला उठायचं होतं. उठून दार उघडायचं, त्यांच्या गळ्यात पडून सगळं सांगायचं. चार पावलं तर होती. पण उठताना हात टोपलीवर टेकला, आणि टॉवेलांच्या उबेखाली ते लागलं, आणि तिचे हात पुन्हा तसे ताठ व्हायला लागले.

आबांना आवाज ओळखू आला होता. अठरा वर्षांनी, कोणी न सांगता, तिला ते आतड्यातून कळलं. ओळखून ते दार उघडू शकले नव्हते, कारण कुऱ्हाड धरलेला हात आपलं ऐकेल याची त्यांना खात्री उरली नव्हती, आणि हे कोणाला सांगायचं, म्हणून ते जन्मभर बहिरे झाले.

बेल पुन्हा वाजली. "उपासना? मी आहे गं," बाहेरून मावशी म्हणाल्या.

उपासनानं दोन्ही हात काखांत घट्ट दाबून धरले आणि श्वाससुद्धा ऐकू जाऊ नये अशी ती भिंतीला चिकटून बसून राहिली.