भिंतीवरची निळी साय

ओयराच्या घरातली चाटकी निघून गेली, तेव्हा ओयरा भिंतच घासत होती. हातात खाऱ्या राखेचा बोळा, कोपरापर्यंत काळे ओघळ आणि पाठ दाराकडे. त्यामुळे दीड हात लांबीचं, भिजल्या घोंगडीसारखं ते मऊ जनावर उंबऱ्यावरून सरकत बाहेर गेलं, ते तिला दिसलंच नाही. दिसलं ते तिच्या लेकीला, लिसूमला. दिवस भरत आलेली लिसूम झोळीत पाय वर करून पडली होती.

“आई, चाटकी चालली.”

“चालू दे. पाय मोकळे करत असेल.”

“तिला पाय कुठायत?”

ओयरा मागं वळेपर्यंत चाटकी वेलींच्या पुलावर पोचली होती. पूल एका पावलाएवढा रुंद, दोन बुंध्यांच्या मधे ताणलेला. खाली धुकं, धुक्याखाली पाणी. पलीकडच्या बुंध्याच्या पोकळीत टेबीरमावशीचं घर. चाटकी अंग आकसत, लांबवत, पुलावर चकचकीत रेघ ओढत गेली आणि टेबीरच्या दारात शिरली.

ओयराच्या हातून बोळा गळून पडला.

चाटकी उचलून परत आणता येत नाही. उचलली की ती मुठीसारखी आवळते, आणि पुन्हा उलगडत नाही. तिच्यावरून ओलांडूनही जायचं नसतं. यायची तर ती आपल्या मनानं येते. आणि ती नसेल तर घराला घरपण ते कसलं? इथं चमच्याला, चादरीला, झोपलेल्या माणसाच्या पाठीला, सगळ्यालाच बुरशी धरते. चाटकी तिच्यावरून जिभा फिरवत जाते, आणि तिची रेघ वाळते तिथं पांढरी रुजत नाही. निळी, पिवळी, केसाळ या साऱ्या बिचाऱ्या गरीब. वाईट ती पांढरी. एरवी ती मुकाट बसलेली असते. पण लांब सावली पडली, म्हणजे भरदुपारी सूर्य आभाळातल्या थोरल्या गोळ्याच्या, थोरल्याच्या आड गेला आणि तीन जेवणं होतील इतका वेळ बाहेरच आला नाही, की पांढरीच्या गाठी फुटतात. तिचं पीठ श्वासात जातं. मोठी माणसं दोन-चार झोपा खोकतात आणि उठतात. तान्ही उठत नाहीत. म्हणून मूल जन्मलं की आधी चाटकीपुढं ठेवतात. ती त्याच्या छातीवरून, नाकातोंडावरून एकदा गेली की पीठ तिथं टिकत नाही.

ओयराचा पहिला मुलगा अशाच सावलीत दोन झोपांचा होऊन गेला होता. लिसूम त्याच्यानंतरची. आणि लिसूमचे दिवस नेमके लांब सावलीच्या तोंडावर भरत होते. त्या भीतीनं ओयरा घासत सुटली होती. छत घासलं, खांब घासले, झोळीच्या दोऱ्यासुद्धा घासल्या.

थोड्या वेळानं टेबीरमावशी स्वतःच पूल ओलांडून आली. बाई वाकलेली, पण जीभ सरळ. आल्या आल्या तिनं चुलीमागच्या कोपऱ्यात डोकं घातलं.

“अगं ए, हे काय? तिचं ताटपण धुतलंस?”

चुलीमागं हातभर निळ्या बुरशीची साय सगळेच राखतात. चाटकीचं पोट त्यावर चालतं. पांढरी ती तोंडी लावायला खाते म्हण ना.

“मला वाटलं, पोर यायचंय घरात...” ओयरा पुटपुटली.

“पोर यायचंय म्हणून दाईला उपाशी मारलंस. शहाणी.”

“मावशी, ती तुमच्याकडं खुशाल आहे ना?”

“खुशाल? माझीवाली आणि तुझीवाली भिंतीवर शेजारी शेजारी जेवतायत. माझ्याकडं घासायचा आळस, त्यामुळं वाढप भरपूर.”

लिसूम झोळीत हसली. ओयराला मात्र हसू आलं नाही. “आता काय करू?”

“काही करू नकोस. तेच तुला जमत नाही. भिंतीवर पेजेचं पाणी शिंपड आणि हात मांडीखाली घेऊन बस. निळी आली की वासानं ती येईल. सावलीला नऊ झोपा आहेत.”

“आणि नाही आली तर?”

“तर लिसूमला माझ्याकडं आण. माझ्या घरात दोन आहेत.”

ज्या घराच्या चाटकीनं पोराला पहिलं चाटलं, पोर त्या घरचं. नावही त्याच घरची बाई ठेवते. हे टेबीरला माहीत नव्हतं असं नाही.

“नाव काय ठेवाल?” ओयरानं विचारलं.

“माझ्या आजीचं. घुबाशिरी.”

“मावशी,” झोळीतून आवाज आला, “या पोटानिशी मी त्या पुलावर पाय ठेवायची नाही. आणि माझ्या लेकराला कुणी घुबाशिरी म्हटलं तर मी ते परत पोटात घेईन.”

टेबीर खो खो हसली, पण जाताना ओयराच्या कानाशी म्हणाली, “हट्ट करू नका गं. श्वासापुढं नाव काय?”

मग सुरू झालं ते वाट बघणं. ओयरानं भिंतीवर पेज शिंपडली. मग जमीन झाडली. मग झाडणं बरं की वाईट, या विचारानं झाडलेला कचरा पुन्हा पसरून ठेवला. तिच्या हातांना काम हवं होतं. दोर वळायला घेतला, तो एवढा लांब झाला की घराला तीन वेढे बसावेत. दर घटकेला ती दारात जाई आणि पलीकडं बघे. टेबीरच्या दारातून आतली भिंत दिसायची, आणि भिंतीवर दोन करड्या घोंगड्या, निवांत.

“त्यातली आपली कुठली गं?” ती विचारी.

“जी तुझ्याकडं पाठ करून बसलीय ती,” लिसूम म्हणे.

तिसऱ्या झोपेतून उठल्यावर चुलीमागं निळसर झाक दिसली. आधी फुंकर मारावी इतकी विरळ, मग दुधावर धरावी तशी साय. पाचव्या झोपेला तिला लव फुटली. पहाटे वरच्या पानतळ्यातनं थेंब गळत तेव्हा ती लव शहारल्यासारखी हलायची. ओयरानं आयुष्यभर भिंती पुसल्या होत्या. निळीकडं टक लावून बघत ती प्रथमच बसली होती. देखणीच होती ती. पण तिच्याच कडेनं, खांबाच्या सांध्यात, सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपकेही उठत होते. मोह नको म्हणून राखेचा बोळा ओयरानंच पुरला होता, पण कुठं ते तिला पक्कं माहीत होतं. दोनदा ती तिथवर गेली. दुसऱ्यांदा लिसूमनं तिचं मनगट धरलं.

“आई, पांढरी पुसशील तर निळीही जाईल.”

“बघवत नाही गं मला.”

“मग डोळे मीट. गाणं म्हण. आजी म्हणायची ते.”

ओयरानं दारात बसून पुलाकडं तोंड करून गाणं म्हटलं. आवाज बसलेला, पण सूर जुना.

ये गं बाई हळूहळू, नको बघूस मजकडं,
निळ्या सायीचं हे दूध, सांडलंय भिंतीकडं.
ये गं बाई ओली ओली, तुला रस्ता नाही दूर,
माझ्या लेकीच्या पोटात, हले उद्याचा अंकुर.

आठव्या झोपेआधी एक घोंगडी टेबीरच्या भिंतीवरून उतरली. उंबऱ्यावर थांबली. पुलावर एक वीत आली. तिथंच बसली. ओयरा श्वास रोखून उभी. झोप झाली, उठून पाहिलं, तर आणखी दोन वीत. “अशी यायची तर नातू लग्नाचा होईल,” ओयरा रडकुंडीला येऊन म्हणाली.

आणि मग सगळं एकदमच आलं. सूर्याची कड थोरल्याच्या तांबूस पट्ट्यांना टेकली, रानातले पक्षी गप्प झाले, आणि लिसूमनं झोळीची दोरी घट्ट धरली. टेबीर येऊन पोचली होती. तिच्या घरामागून एक फांदी पुलाच्या अलीकडच्या टोकापर्यंत यायची, तिला लोंबकळत ती आली होती, चाटकीला ओलांडायला नको म्हणून.

“या वयात माकड केलंत मला,” ती धापा टाकत म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.

काळोख पडला. काजवकिड्यांचं मडकं टांगलं, त्याच्या हिरव्या उजेडात लिसूम घामाघूम होऊन शिव्या देत होती. नवऱ्याला दिल्या, तो खाली तराफ्यांवर होता. आईला दिल्या, टेबीरला दिल्या. थोरल्यालाही दिल्या. मुलगी झाली तेव्हा सावली अर्धी सरली होती. मुलगी रडली, चांगली खणखणीत. आणि तेवढ्यात खांबाच्या सांध्यात फट् असा बारीक आवाज झाला. मग आणखी एक. हिरव्या उजेडात पांढरं पीठ तरंगू लागलं.

“तिचं नाक झाक!” टेबीर ओरडली. “माझ्याकडं ने, पळ!”

पुलावरची चाटकी त्या घाईत दोघीही विसरल्या. ओयरानं नातीला ओल्या पानात गुंडाळलं आणि बाहेर धावली. बाहेर धुकं टपटपत होतं. पीठ तिथं टिकत नव्हतं, पण दोन-चार श्वास पोरीनं आत घेतलेच होते. पुलावर चार पावलं गेली आणि थांबली. समोर, पुलाच्या बरोबर मधोमध, चाटकी पसरली होती. बाजूनं जायला जागा नाही. वरून जायचं नाही.

“ती वाटेत आहे, मावशी!”

“तर फांदीवरनं जा!”

“पोर घेऊन लोंबकळू?”

पोरगी शिंकली. पुन्हा शिंकली, आणि नंतरचा श्वास घेताना तिच्या छातीत काहीतरी खरखरलं. तो आवाज ओयरानं एकदा ऐकला होता. तिला मागं पळावंसं वाटलं, पुढं पळावंसं वाटलं, राखेचा बोळा घेऊन सगळं रान घासावंसं वाटलं. मग ती एकदम खाली बसली.

“चाटकीला उचलता येत नाही,” ती स्वतःशीच म्हणाली, “पण पोरीला तर येतं.”

तिनं पान उलगडलं आणि नागडी पोरगी चाटकीच्या समोर, वेलींवर ठेवली. दोन्ही बाजूंना स्वतःचे हात धरले, अंगाला न लावता, फक्त घसरू नये म्हणून. चाटकीनं पुढचं टोक उचललं. ओयराचे हात थरथरत होते, त्यानं पूल थरथरत होता, आणि चाटकीनं ते टोक परत आखडून घेतलं.

“हलू नकोस,” दारातून टेबीर म्हणाली. या वेळी ओरडून नाही. “ओयरा, बाई, तू हलू नकोस फक्त.”

ओयरानं खालचा ओठ दातात धरला. खांदे सैल सोडले. काजवे नव्हते, सूर्य नव्हता, थोरल्याच्या कडेला लाल रेघ तेवढी होती. पोरीची छाती खरखरत होती आणि ओयरा तिला हात लावत नव्हती. पूल हळूहळू निवला. मग चाटकी लांबली. तिची कड पोरीच्या पायांवर चढली, पोटावर आली, छातीवर थांबली. हजार बारीक जिभांचा आवाज, पानांवर झिमझिम पडावी तसा. मग हनुवटी, तोंड, नाक. पोरगी त्या घोंगडीखाली क्षणभर दिसेनाशी झाली, आणि ओयरानं तो क्षण कसा काढला ते तिचं तिला माहीत.

चाटकी बाजूला सरली. पोरगी चकचकीत झाली होती. तिनं तोंड वासलं आणि किंचाळली. त्या किंचाळण्यात खरखर नव्हती.

ओयरानं तिला उराशी धरलं आणि मग मनमोकळी थरथरली.

“पोचली का?” घरातून लिसूमचा दमलेला आवाज आला. “आई? पोचली का गं?”

“पोचली! चाटलं तिनं! पुलावरच!”

मग टेबीर दारातून म्हणाली, “आता नाव? पूल कुणाच्या घरचा?”

“अर्धा माझा.”

“अर्धा माझापण. तुझी चाटकी, पण सात झोपा माझं खाऊन आलेली.”

“मावशी, पोरगी अजून ओली आहे.”

“मी कुठं भांडतेय? विचारतेय.”

“इरोमी,” आतून लिसूम म्हणाली. “मी ठेवलं. झोळीत पडून दुसरं केलं काय मी इतके दिवस?”

आईनं स्वतः नाव ठेवल्याचं दोघींपैकी कुणी ऐकलं नव्हतं.

सूर्याची कड बाहेर आली. रानात एक पक्षी बोलला, मग सगळेच. पलीकडच्या टोकाला बोनूश मासेवाला टोपली घेऊन उभा होता. सावली संपायची वाट बघत थांबला होता बिचारा.

“बाई, बाजूला व्हाल का? मासे घामेजतायत.”

“चाटकी बसलीय,” ओयरा म्हणाली. “ती उठेल तेव्हा.”

“कुठल्या बाजूला जाईल ती?”

“मला काय ठाऊक.”

बोनूशनं टोपली टेकवली आणि पुलाच्या टोकाशी पाय सोडून बसला. त्यानं मान लांब करून पोरीकडं बघितलं. “छान आहे की. कुठल्या घरची?”

ओयरानं एकदा अलीकडं बघितलं, एकदा पलीकडं. तिच्या हातातली पोरगी पाय झाडत होती, जन्मल्यापासून तिला एका जागी पडून राहणं ठाऊकच नव्हतं.

“लिसूमची,” ती म्हणाली, आणि तिला पानात नीट गुंडाळायला लागली.