मार्टिनीतली दुसरी बाटली

मी व्हर्मूथची बाटली बोलतेय. हो, तीच. जिनच्या मागे कोपऱ्यात उभी असते ना, ती. माझं नाव कुणाला धड घेता येत नाही आणि घ्यायची गरजही कुणाला पडत नाही. मार्टिनी म्हटलं की सगळे जिनकडे बघतात. पण नुसत्या जिनला मार्टिनी म्हणत नाहीत, बरं का! मी पडल्याशिवाय ती मार्टिनी होतच नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे सोयीनं विसरतात.

माझा जन्म दक्षिण फ्रान्सचा, समुद्राकाठचा. पांढऱ्या वाइनची पिंपं तिथे उन्हापावसात उघड्यावर ठेवतात. मग तिच्यात कसला कसला पाला, मुळं, साली, फुलं मुरवतात. त्यातला मुख्य पाला कडू, तुमच्या दवण्याच्याच कुळातला. तेव्हा कडवटपणा माझ्या रक्तातच आहे, ते मी नाकारत नाही. पण तो गुणाचा कडवटपणा होता, भूक लागावी म्हणून घातलेला. आज माझ्या बोलण्यात जो आहे तो मागून आलाय.

कनेक्टिकटमधल्या एका दुकानात मी आले तेव्हा साल चोपन्न चालू होतं. कॉरिन बेलॅमीनं मला उचललं, माझ्या शेजारचीलाही उचललं आणि दोघींना गल्ल्यापाशी ठेवलं.

दुकानदार हसला. "दोन दोन? अहो बाई, लोकांना एक बाटली जन्मभर पुरते."

"मग ते लोक मार्टिनी पीत नसतील," कॉरिन म्हणाली.

त्या क्षणी मी तिच्यावर जीव टाकला. काय करणार, नवी होते.

घरी गेल्यावर माझ्या बहिणीला आधी उघडलं. मी कपाटात मागे उभी राहून सगळं बघत होते. कॉरिनचा नवरा वेंडेल न्यूयॉर्कमध्ये विमा कंपनीत कामाला होता. संध्याकाळच्या गाडीनं तो घरी यायचा, टोपी खुंटीला अडकवायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायचा. तोवर कॉरिननं काचेचा जग गार करायला ठेवलेला असायचा. लग्नात तिच्या बहिणीनं दिलेला उभट जग तो. त्यात बर्फ, जिनची पाच मापं, व्हर्मूथचं एक. मग लांब दांड्याचा चमचा घेऊन ती सावकाश ढवळायची. खळखळ हलवणं तिला खपायचं नाही. जगावर बाहेरून दव धरलं की थांबायचं, दोन छोट्या पेल्यांत गाळायचं, वर लिंबाच्या सालीचा तुकडा पिळायचा. झालं. एक पेला त्याला, एक तिला. तो संपेपर्यंत गप्पा आणि संपला की जेवण.

एकदा वेंडेल म्हणाला, "एवढं मोजतेस कशाला गं? औषध आहे का ते?"

कॉरिन ढवळायची थांबली. "माझे बाबा मोजत नव्हते. गोठ्यात कॉफीच्या मगात ओतायचे आणि प्यायचे. काय पिताय विचारलं की म्हणायचे, काही नाही. त्या काही नाहीपायी आमचं शेत गेलं, आई खंगून गेली. माझ्या घरात जे प्यायचं त्याला नाव पाहिजे, माप पाहिजे, आणि समोर बसलेलं माणूस पाहिजे. नाहीतर मी या घरात राहायची नाही, वेंडेल. हे थट्टेत नेऊ नकोस."

"बरं बाई," तो म्हणाला. "पाचाला एक. शपथ."

त्यानं खरंच शपथ घेतली. मी ऐकलीय.

माझी बहीण महिन्याभरात संपली. शेवटचा थेंबसुद्धा कॉरिननं झटकून घेतला आणि तिला धुऊन खिडकीत ठेवून तिच्यात रानफुलं लावली. बाटलीच्या जातीला याहून चांगलं मरण नसतं. मला तिचा हेवा तेव्हा वाटला नव्हता, कारण पुढचा नंबर माझाच होता ना!

माझं झाकण उघडलं तेव्हा माझा वास सगळ्या स्वयंपाकघरात दरवळला. वेंडेलनं डोळे मिटले आणि म्हणाला, "वा!" ते माझं शेवटचं कौतुक. पंधरा दिवसांत मी निम्म्याला आले. आणि मग त्याचे साहेब जेवायला आले.

ऑगडनसाहेब म्हणजे वेंडेलच्या खात्याचे मुख्य. गळ्यापेक्षा टायची गाठ मोठी. त्यांच्यासोबत शेजारचा क्लिफही आला होता, फुकटचं जेवण आणि साहेबाची ओळख, दोन्ही साधायला. कॉरिननं नेहमीसारखी मार्टिनी केली. साहेबांनी घोट घेतला आणि पेला उजेडासमोर धरला.

"बेलॅमी, बायकोनं सॅलडचं पाणी दिलं का रे?"

क्लिफ खो खो हसला. वेंडेलचे कान लाल झाले.

"मार्टिनी ड्राय पाहिजे, मिसेस बेलॅमी," साहेब म्हणाले. "व्हर्मूथची बाटली शेजारच्या खोलीत ठेवायची आणि मधलं दार जरासं किलकिलं करायचं. पुरे."

"मी तर दारही उघडत नाही साहेब," क्लिफ म्हणाला. "बाटली खिडकीतून दिसली तरी मला कडू लागतं!"

"मग त्याला जिनच म्हणा की," कॉरिन म्हणाली. "लाज कसली वाटते?"

क्लिफनं साहेबांच्या तोंडाकडे बघितलं. मग साहेब मोठ्यानं हसले, म्हणून सगळे हसले. या पुरुषांची गंमतच आहे. इथे मर्दानगी काय उचललं यावर मोजत नाहीत, किती व्हर्मूथ वगळलं यावर मोजतात. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तशी माझी गत. मी कमी पडले तरी कडू, जास्त पडले तरी कडू, आणि नाही पडले तर वाहवा!

दुसऱ्या दिवशी वेंडेल म्हणाला, "आण इकडे, मी करतो. तू दिवसभर राबतेस." कॉरिनला बरं वाटलं. मला वाटलं नाही.

आधी माझं माप अर्ध्यावर आलं. मग चमच्यावर आलं. मग तो मला बर्फावर शिंपडायचा आणि ते पाणी सिंकमध्ये ओतून वर जिन घालायचा. मग नुसतं माझं झाकण उघडून लावायचा. मग तेही गेलं. मला उचलायचा, जिनशेजारी ठेवायचा, ओतायचं ते जिनमधून ओतायचा आणि मला परत कपाटात ठेवायचा. देवापुढे नैवेद्य दाखवून आपणच खावा, तसं. मी निम्मी ती निम्मीच राहिले. शेजारच्या जिनच्या बाटल्या मात्र बदलत राहिल्या. नवी आली की ऐटीत माझ्याकडे बघायची. तिची ओळख होईतो ती गेलेलीही असायची.

पेलेही बदलले. लहान पेले मागे गेले आणि पसरट वाडगे शोभतील एवढे पेले त्यानं शहरातून आणले. कॉरिन काम आवरून बसायला यायची तोवर त्याचा पहिला झालेला असायचा. तिनं विचारलं की तो म्हणायचा, "अगं, मार्टिनी आहे. दोन मार्टिनी कोण घेत नाही?" आणि टेबलावर मी उभी असायचेच. पुरावा म्हणून! तिची नजर माझ्यावर जायची आणि ती गप्प बसायची. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते, की बाई गं, माझ्याकडे बघू नकोस, माझी पातळी बघ.

हळूहळू तो जेवताना बोलेनासा झाला. मग जेवेनासा झाला. सकाळची गाडी चुकायला लागली. एकदा कॉरिननं फोनवर ऑगडनसाहेबांना सांगितलं की त्याला ताप आहे, आणि फोन ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहिली. तरी तिच्या मनात एक हिशेब पक्का होता, की माझा नवरा माझ्या बापासारखा नाही. तो मगात पीत नाही. तो जे पितो त्याला नाव आहे.

पुढच्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला तिची थोरली बहीण आर्डिस ओहायोहून आली. गोठ्याच्या त्याच घरात वाढलेली, बोलायला फटकळ. ओव्हनमध्ये टर्की भाजत होती, वेंडेल बाहेरच्या खोलीत फुटबॉल लावून बसला होता.

"कोरी, हा किती पितो?" आर्डिसनं सरळ विचारलं.

"मार्टिनी घेतो गं. बाबांसारखं नाही ते."

"किती?"

"दोन."

"केवढ्या पेल्यात?"

कॉरिन क्रॅनबेरी ढवळत राहिली. मग एकदम म्हणाली, "थांब, तुलाच करून देते. तू लग्नात दिलेल्याच जगात. बघ तरी, मार्टिनी म्हणजे काय असतं ते."

तिनं जग काढला, बर्फ घातला, पाच मापं जिन घातली. मला उचललं आणि माझं झाकण फिरवलं. ते हललं नाही. फडक्यानं धरून फिरवलं. हललं नाही. माझ्यातली साखर गळ्याशी वाळून दगड झाली होती. महिनोन्‌महिने कुणी हात लावला नाही तर दुसरं काय होणार?

आर्डिसनं मला तिच्या हातातून घेतलं. माझ्या खांद्यावरची धूळ बोटानं पुसली आणि ते बोट बहिणीसमोर धरलं. फटकळ बाई गप्प बसली की फार लागतं.

कॉरिन खुर्चीत बसली. "मी रोज विचारायचे त्याला," ती म्हणाली. "रोज. आणि ही बाटली समोर असायची गं."

मग ती उठली, माझी मान गरम पाण्याच्या धारेखाली धरली, अक्रोड फोडायचा अडकित्ता घेतला आणि माझं झाकण पिळून काढलं. "वेंडेल!" तिनं हाक मारली. "इकडे ये."

तो आला. मला उघडी बघून दारातच थबकला.

"एक मार्टिनी कर," ती म्हणाली. "दोघांची. पाचाला एक. लहान पेल्यात. माझ्यासमोर बसून घोट घोट घे आणि संपली की पेला धुऊन ठेव. एवढंच कर. मी राहते."

"म्हणजे? तू जातेयस कुठे?"

"ते तू ठरव."

त्यानं आर्डिसकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि खरं सांगते, त्यानं हात लावला. जिन जगात होतीच. त्यानं माझं माप भरलं, ओतलं, लांब चमचा घेऊन सावकाश ढवळलं. हाताला सगळं आठवत होतं. जगावर दव धरलं. त्यानं गाळलं, लिंबाची साल पिळली. कॉरिनच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी मी त्या पेल्यात होते, आणि मला वाटलं, होईल सगळं नीट. हे घर वाचेल. माझ्यामुळे वाचेल!

त्यानं घोट घेतला आणि सिंकमध्ये थुंकला.

"शी! खराब झालंय हे!" तो ओरडला. "ही घाण प्यायची मी? याच्यासाठी एवढा तमाशा? म्हणूनच मी घालत नव्हतो!"

खोटं नव्हतं ते. मी खरंच खराब झाले होते. आम्ही वाइनच्या जातीच्या. एकदा उघडलं की आम्हाला फ्रिजमध्ये ठेवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत संपवायचं. हा माणूस मला शेगडीवरच्या उबेच्या कपाटात वर्षभर सडवतो आणि वर मलाच नावं ठेवतो! चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

त्यानं पेला उपडा केला, जिनची बाटली ओढली आणि त्याच पेल्यात काठोकाठ ओतली. बर्फ नाही, साल नाही. उभ्याउभ्या प्यायला.

कॉरिननं स्वतःचा पेला उचलला. त्यातही मीच होते, तशीच आंबलेली. ती टेबलाशी बसली आणि एकेक घोट घेत तिनं तो संपवला. तोंड वाकडं केलं नाही. मग पेला धुतला, पुसला, जागेवर ठेवला. ओव्हन बंद केला.

"मला पिता आलं, वेंडेल," ती म्हणाली. "चल आर्डिस."

जाताना तिनं जग कोटात गुंडाळून नेला. मला नेलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. राग नाही माझा. मी होते म्हणूनच तर ती इतके दिवस फसली.

आता घर त्याचं एकट्याचं. जग नाही, लहान पेल्यांवर धूळ आहे, मोठे पेले सिंकमध्ये न धुता पडलेत. म्हणून तो कॉफीच्या मगात ओततो. क्लिफ कुंपणापलीकडून ओरडतो, "काय चाललंय वेंडेल?" आणि हा मग वर करून म्हणतो, "काही नाही रे. एक मार्टिनी."

तुम्ही कुणी या घरी आलात तर माझं एक काम करा. मला उचला, झाकण काढा आणि सिंकमध्ये ओतून टाका. निम्मी आहे, वेळ लागणार नाही. बाटली खिडकीत ठेवून फुलं लावा असं मी म्हणत नाही; तो मान माझ्या बहिणीचा होता. फक्त मला त्याच्या टेबलावरून हलवा. मी नसले तर त्या मगात काय आहे हे त्याला स्वतःलाच सांगावं लागेल, आणि म्हणूनच तो मला टाकत नाही.

आज दुपारी त्यानं मला कपाटातून काढलं. ओल्या फडक्यानं पुसलं, खांद्यापासून बुडापर्यंत, अगदी हळुवार. उजेडात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी वेडी, मला वाटलं, आता ओततोय.

पण त्यानं मला जिनशेजारी नीट उभं केलं, लेबल बाहेरच्या बाजूला करून. ऑगडनसाहेब येणार आहेत म्हणे.