प्रेंडाने उघडलेलं इंजिन

घाटाच्या शेवटच्या वळणावर पाश्कला चालवता चालवता अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा गाडी माणसांनी भरलेली होती. उजवा हात स्टिअरिंगवरून गळून पडला, पण डाव्या हाताने त्याने गाडी दरीकडून ओढून डोंगराच्या अंगाला घातली. तिथला एक दगड खालून ऑइल चेंबर फोडून आत घुसला. लोकांनी पाश्कला उतरवून रस्त्याकडेला आडवं केलं. कुणी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, कुणी फोनला रेंज मिळते का बघायला चढावर पळालं. त्या गोंधळात किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं कुणाला सुचलं नाही. तेल सगळं वाहून गेलं, इंजिन कोरडंच चालत राहिलं आणि शेवटी आतल्या आत जाम झालं.

पाश्क श्कोदर शहरातल्या इस्पितळातून घरी आला, तो उजवी बाजू लुळी घेऊन. बोलणंही गेलं होतं. ‘हो’ आणि ‘नाही’ नीट यायचं, बाकीचे शब्द यायचे ते भलतेच. पाणी हवं असलं की ‘खुर्ची’ म्हणायचा, आणि आपण चुकीचं बोललो हे त्याचं त्यालाच कळायचं. त्यामुळे त्याने बोलणंच सोडलं. उन्हाळाभर तो खिडकीशी बसून राहिला. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी होती, तिच्याकडे तो बघायचाही नाही.

प्रेंडा त्याची बायको. हातापायाने धट्टीकट्टी, बोलायला फटकळ. गाव आणि श्कोदर यांच्यामध्ये रोज जाणारी गाडी एवढी एकच होती. दवाखान्याला जाणारी माणसं, बाजारात जाणारं चीज, शहरात शिकणाऱ्या पोरींना घरून जाणारे डबे, सगळं तिच्यातूनच जायचं. ती बंद पडल्यापासून पलीकडच्या खोऱ्यातला एक गाडीवाला मनात येईल तेव्हा यायचा आणि शेजारच्या तेरेज आजीला भर रस्त्यात ताटकळत ठेवायचा. आजीला आठवड्यातून दोनदा इस्पितळात रक्त शुद्ध करून घ्यायला जावं लागे. एकदा ती भिजून परत आली, तेव्हा तिला चुलीशी बसवून प्रेंडाने सांगून टाकलं की बर्फ पडायच्या आत आमची गाडी रस्त्यावर येईल आणि ती मी चालवीन. मोठ्या गाडीचं लायसन्स तिने त्याच उन्हाळ्यात काढलं.

पाश्कचा चुलतभाऊ फ्रोक. त्याचं श्कोदरला गॅरेज होतं. भंगारवाल्याकडून त्याच जातीचं जुनं इंजिन शोधून तो एका सकाळी टेम्पोतून घेऊन आला. माणूस मनाने चांगला, पण सदा घाईत. इंजिन छपरीत उतरवून, कॉफी पिता पिता त्याने सांगितलं की माल चालू गाडीतून काढलेला आहे, जर्मनीतून आलाय, शनिवारी येऊन बसवून टाकतो, सोमवारी वहिनीने खुशाल घाटात जावं.

तेवढ्यात दारात काठीचा आवाज आला. पाश्क पाय ओढत अंगण ओलांडत होता. कित्येक आठवड्यांत तो स्वतःहून बाहेर आला नव्हता. छपरीत येऊन त्याने डावा तळवा इंजिनवर ठेवला, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मग म्हणाला, “उघड.”

शब्द बरोबर आला होता. प्रेंडाच्या हातातला कप तसाच राहिला.

फ्रोकने समजूत घालायचा प्रयत्न केला. चालू इंजिन उघडलं की दहा नवी दुखणी निघतात, गॅसकेट नवं लागतं, वेळ जातो. शेवटी तो प्रेंडाकडे वळला. “वहिनी, तुम्ही तरी शहाणपणाने घ्या. तो घरात बसून कंटाळलाय, त्याला काहीतरी खेळायला हवंय. बसवून देईन मी कधीही. पण तुम्ही खोलून ठेवलंत तर जोडत नाही बसणार, आधीच सांगतो.”

“नको जोडूस,” प्रेंडा म्हणाली. “मी जोडीन.”

असं ती बोलून गेली खरी. पण तो गेल्यावर त्या काळ्या, चिकट लोखंडाच्या ढिगासमोर उभी राहिली तेव्हा पहिला पाना कुठे लावायचा हेही तिला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तिने पाश्कला पाने हातात आणून दिले होते, बॅटरी धरली होती, त्याचे कपडे सोड्याच्या पाण्यात उकळले होते. एक बोल्ट मात्र कधी सोडवला नव्हता.

पाश्क ओंडक्यावर बसला आणि काठीने दाखवू लागला. आधी लांब पान्याने क्रँक, म्हणजे इंजिनच्या पोटातला दांडा, हाताने फिरवायचा. तिने फिरवला, जड पण अडखळल्याशिवाय फिरला. मग वरचं झाकण, मग त्याखालचं जड हेड. सोडवलेला प्रत्येक बोल्ट तिने पुठ्ठ्यावर जागच्या जागी खोचून ठेवला. हेड उलटं ठेवून वॉल्व्ह बसतात तिथल्या खळग्यांत रॉकेल ओतलं. तीन ठिकाणी रॉकेल तसंच राहिलं. चौथ्या ठिकाणी वॉल्व्हच्या कडेने झिरपून खालून थेंब पडायला लागले.

“नाही,” पाश्क म्हणाला.

“दिसतंय मलाही,” प्रेंडा म्हणाली. “आंधळी नाही मी.”

वॉल्व्हला खरखरीत पेस्ट लावून, त्याला चिकटवलेली बारकी काठी दोन तळव्यांत रवीसारखी फिरवत तिने तो घासून बसवला. पुन्हा रॉकेल ओतलं, पुन्हा झिरपलं. पुन्हा घासला. दंड भरून आले, तळव्यांना फोड आले, तेव्हा कुठे थेंब थांबला. हेडवर सरळ पट्टी उभी धरून मागे उजेड धरला तर मधोमध फट दिसली, म्हणजे हेड वाकलं होतं. हेड पाठीवर बांधून ती चौकापर्यंत चालत गेली आणि शहरात जाणाऱ्या दूधवाल्याबरोबर ते लेथवर पाठवलं. दोन दिवसांनी आरशासारखं सपाट होऊन परत आलं.

आता जोडायचं, असं तिने धरलं होतं. पाश्कने काठी इंजिनच्या खालच्या अंगावर टेकवली. “उघड.”

प्रेंडाचा पारा चढला. हवा बदलली होती, वरच्या शिखरांवर पहिला पांढरा थर दिसत होता. क्रँक नीट फिरतो, हे तिने स्वतः पाहिलं होतं. तेरेज आजी रोज कुंपणाशी येऊन नुसती बघून जायची, तेही तिला सोसत नव्हतं. “किती उघडायचं? तुझं समाधान होईस्तोवर उन्हाळा येईल परत. फ्रोक काय मूर्ख आहे? कशाला पाहिजे तुला हे?”

पाश्कने तोंड उघडलं. “भाकरी,” तो म्हणाला. मान हलवली, पुन्हा जोर लावला. “भाकरी. भाकरी.” कपाळावरची शीर फुगली. मग त्याने काठी फेकून दिली, ओंडका धरत धरत इंजिनमधून काढलेल्या जुन्या तेलाच्या डब्यापर्यंत सरकला, दोन बोटं त्यात बुडवली आणि उन्हात तिच्या नाकासमोर धरली.

काळ्या तेलात तांबूस कण चमकत होते. बाजरीच्या पिठात चुकून जरीचा चुरा सांडावा तसे.

प्रेंडाने एक कण चिमटीत चोळून पाहिला; धातू होता, म्हणजे आत काहीतरी झिजत होतं. मग काठी उचलून तिने त्याच्या हातात दिली आणि इंजिन उलटं करायला शेजाऱ्याला हाक मारली.

चेंबर काढला, क्रँक धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या टोप्या सोडवल्या. पहिल्या तीन टोप्यांमधल्या पट्ट्या करड्या, गुळगुळीत होत्या. चौथीत मात्र वरचा थर पार खरवडून जाऊन आतलं तांबं उघडं पडलं होतं. हे इंजिन सपाट रस्त्यावर महिना, दोन महिने चाललं असतं. घाटात, माणसं भरलेली असताना, चढावर ते फुटलं असतं. प्रेंडाने ती पट्टी बोटांत धरून उलटसुलट पाहिली. आपण जवळजवळ आजीला त्या गाडीत बसवलं होतं, एवढंच तिच्या मनात येत राहिलं. क्रँकवरून तिने नख फिरवलं. सुदैवाने नख कुठे अडकलं नाही. म्हणजे क्रँक वाचला होता.

नव्या पट्ट्या, नव्या रिंगा, गॅसकेट, पट्टा, पाण्याचा पंप, सगळं फ्रोकनेच पाठवलं. बरोबर निरोप होता की वहिनींना सांगा, तांबं दिसलं हे ऐकून मला जेवण गेलं नाही. ब्लॉक तिने गरम पाण्याने आणि ब्रशने धुतला, तेलाच्या बारीक वाटा तार घालून साफ केल्या. पाश्क डाव्या हाताने एकेक पिस्टन पुसायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि तिच्याकडे द्यायचा. दुपारी दोघं छपरीतच मक्याची भाकरी आणि चीज खायची. एकदा तो ‘मीठ’ म्हणाला आणि त्याला खरंच मीठ हवं होतं. प्रेंडाने मिठाची वाटी पुढे सरकवली.

क्रँक बसला, टोप्या बसल्या, बोल्ट आवळले. पाश्क दमला होता. त्याने बघून मान डोलावली. “हो.”

प्रेंडाने पाना लावून क्रँक फिरवला. फिरला, पण एका जागी तिच्या मनगटाला काहीतरी लागलं. अगदी किंचित, दार फुगल्यावर चौकटीला घासतं तसं. तिने परत फिरवून पाहिलं.

“हो,” पाश्क पुन्हा म्हणाला. त्याला आत जाऊन पडायचं होतं.

“नाही,” प्रेंडा म्हणाली. “घासतंय.”

त्याने वैतागून हात उडवला. तिने त्याच्याकडे लक्ष न देता बोल्ट सैल केले. टोप्यांवर तिने स्वतःच छिन्नीने खुणा केल्या होत्या, आणि तेलाच्या लेपाखाली दोन खुणांची टोपी तीनच्या जागी गेली होती. पाश्क वाकला, खुणांवरून बोट फिरवलं, परत फिरवलं. मग हसायला लागला. त्याचं हसू एका बाजूनेच फुटायचं, पण हसता हसता डोळे मात्र दोन्ही भरून आले. “हात,” तो म्हणाला, आणि तिचं काळंकुट्ट मनगट पकडून ठेवलं. या खेपेला त्याला हाच शब्द म्हणायचा होता की दुसरा कुठला, हे तिला कळलं नाही. 

टोप्यांची अदलाबदल करून बोल्ट पुन्हा आवळले. या वेळी क्रँक एका बोटाच्या जोराने फिरला. मग पिस्टन, हेड, झाकण एकेक करून चढलं.

फ्रोक कप्पी घेऊन आला तेव्हा त्याने आधी इंजिनला प्रदक्षिणा घातली. मग क्रँक स्वतः फिरवून पाहिला आणि कोट काढून कामाला लागला. इंजिन गाडीत बसलं. डिझेल बंद ठेवून नुसत्या स्टार्टरने थोडा वेळ फिरवलं, तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत. मग डिझेल सोडलं. पहिल्यांदा धूर झाला, एक गचका बसला. दुसऱ्यांदा इंजिन सुरू झालं. कुंपणाशी उभी असलेली तेरेज आजी छातीवर क्रूसाची खूण करून घरी गेली, कारण तिला दुसऱ्या दिवसाची पिशवी भरायची होती.

सकाळी गाडी भरली. प्रेंडाने सगळ्यांना बसवलं, चीजचे डबे मागे बांधले आणि पाहते तर पाश्क पुढच्या दारापाशी उभा. तिने त्याला हात देऊन वर घेतलं.

घाट सुरू झाला तसं तिने दुसरा गिअर टाकला. पहिला अर्धा चढ पाश्क कान देऊन बसला होता, डावा तळवा पुढच्या पत्र्यावर ठेवून. ती इंजिन ऐकत होती, रस्ता बघत होती, आणि मधूनच त्याच्याकडे. कडेच्या गवतावर बर्फाची भुरभुर होती. मागे कुणीतरी मुलीच्या लग्नाच्या गोष्टी सांगत होतं. शेवटचं वळण आलं, तिने हॉर्न दिला, गाडी आतल्या अंगाला घेतली आणि जोर न सोडता वर काढली.

वर खिंडीत आल्यावर तिने पाश्कला काहीतरी सांगायला मान वळवली. त्याचा हात पत्र्यावरून मांडीवर आला होता. डोकं काचेला टेकलं होतं आणि तोंड किंचित उघडं होतं. तो गाढ झोपला होता.

प्रेंडाने गिअर बदलला आणि उतार घेतला.