कोरडं शेवाळ

मोहने गावातल्या एका ज्युनियर कॉलेजात कल्पिता म्हात्रे नव्यानेच बायोलॉजी शिकवायला आलेली. अकरावीचा पहिलाच जोडतास, प्रयोगशाळेत. सजीवांची लक्षणं फळ्यावर लिहून झाल्यावर तिने तिथल्या कपाटातलं एक पाकीट उघडलं. आधीच्या सरांनी त्यावर लिहिलं होतं : 'गच्चीवरचं शेवाळ, मे २०१७.' आत नुसता तपकिरी भुगा.

"सांगा, हे जिवंत की मेलेलं?"

पोरांनी फळ्याकडे बघत एकेक लक्षण ताडून पाहिलं. श्वास नाही, खाणं नाही, वाढ नाही. "मेलेलं!" सगळा वर्ग ओरडला.

कल्पिताने चिमूटभर भुगा काचेवर घेतला, वर पाण्याचा थेंब सोडला. पुढे काय होतं ते तिने वाचलेलं होतं. पाहिलं कधीच नव्हतं.

अर्ध्या तासाने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तिच्या मानेवर काटा आला. भुग्यातला एक सुरकुतलेला कण फुगत होता. त्यातून काचेसारखं आरपार अंग लांबलं, डोकं बाहेर आलं, डोक्यावरची दोन चक्रं गरगर फिरू लागली. तो खात होता. मग शेजारचा कण हलला. मग त्याच्या पलीकडचा.

पोरं एकेक करून बघून गेली.

बेल झाली तरी निशिगंधा भोईर बाकाशीच उभी.

"मॅडम, आठ वर्षं हे काय होते?"

"हे रोटिफर, शेवाळात राहणारे बारीक जीव. सुकून थांबलेले. जिवंत म्हणता येत नाही, मेलेलेही नाही."

"माझी आजी एप्रिलमध्ये गेली. आवडाबाई. श्वास थांबला म्हणून दोन तासांत उचललं तिला. ऊन फार होतं." पोरीचा आवाज बारीक झाला. "पण मी हात धरलेला ना, तो गरम होता. मॅडम, आम्ही घाई तर नाही ना केली?"

कल्पिताने खुर्ची ओढून तिला बसवलं.

"डॉक्टर आलेले?"

"आलेले. बघून गेले."

"मग झालं तर. ऐक निशिगंधा. हे सुकून टिकतात, माणसाला ते जमत नाही. हात उन्हाने गरम राहिला, बाळा. तुम्ही काही चुकला नाहीत."

पोरीने मान हलवली. कल्पिताने काच पुसायला स्पिरिटचा बोळा उचलला, पण हात पुढे जाईना. शेवटी काच तिने निशिगंधाच्या हाती दिली. "मागच्या भिंतीवर सोड यांना."

कॉलेजच्या मागची भिंत पावसाने हिरवीगार झालेली. निशिगंधाने थेंब तिथल्या शेवाळावर ओतला आणि वर तळहात टेकवून डोळे मिटले.

"चल गं, पुढचा तास सुरू झाला," मागोमाग आलेली कल्पिता म्हणाली.

"थांबा ना मॅडम," ती डोळे न उघडता म्हणाली, "काहीतरी लागतंय हाताला."

इतके बारीक जीव हाताला लागत नाहीत, हे कल्पिताला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने पदर सावरला आणि आपलाही हात भिंतीवर ठेवला.