गावाकडं पाठ केलेलं घर

कळंब्याच्या तळ्यापलीकडं माळावर एक दगडी घर होतं. साहेबानं बांधलेलं. घोड्यांच्या पागेवर नेमलेला कुणी इंग्रज. विलायतेत त्याच्या बापाचं शेतावर जसं घर, तसंच हुबेहूब इथं पाहिजे म्हणून हट्टाला पेटला. स्वतःची घरची आठवण, आणि दगड मात्र दुसऱ्याच्या पाठीवर. साहेब लोकांची रीतच ती.

घर झालं, पण कसलं? काळ्या दगडाच्या दोन हात जाड भिंती. खिडक्या एवढ्याशा की वासरानं तोंड घातलं तर अडकावं. छप्पर उभंच्या उभं, का तर वरचा बर्फ घसरून पडावा. कळंब्यात बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवर सोडून कुणी बघितला होता? एका भिंतीत माणूस उभा राहील एवढा मोठा आगीचा कोनाडा, त्यावर धुराडं. ओटा नाही, सोपा नाही, अंगण नाही. दार दक्षिणेला, कारण त्यांच्या मुलखात दक्षिणेचं ऊन गोड. आणि गाव उत्तरेला. म्हणजे घरानं गावाकडं सरळ पाठ केलेली.

त्यात दारावर एक कोरलेला दगड. दोन इंग्रजी अक्षरं, मधे बदाम, खाली साल. इंग्रजी अक्षरं आणि साल कोरलेला दगड लोकांनी आजवर एकाच जागी पाहिला होता, गोऱ्यांच्या थडग्यांवर. झालं. उंबऱ्याखाली मेम पुरलीय, असं गावानं ठरवून टाकलं. दार तर यमाच्या दिशेला होतंच. साहेब गेला, स्वराज्य आलं, पण त्या घरात कुणी ढोर बांधलं नाही.

कोयनेचा भूकंप झाला त्या हिवाळ्यात सयाजीचं गावातलं मातीचं घर फाटलं. सयाजी पलटणीतला हवालदार, नुकताच पेन्शनीवर आलेला. तो माळावर जाऊन दगडी घर बघून आला. कुठं चीर नाही, चुन्याचा कपचा निघालेला नाही. त्यानं ते घर घेतलं. बायकोला, बायडाबाईला, विचारलं नाही. सामान बैलगाडीत घातलं आणि म्हणाला, "चल."

ती गेली. एक पावसाळा काढला. मग एक दिवस पेठ वडगावला भावाकडं गेली ती आलीच नाही. भावानं, बाळासोनं, निरोप धाडला, 'बायडीला दारातल्या मढ्याचं भ्या वाटतंय. तुमी गावात ऱ्हायला या, मग धाडतो.'

सयाजी गेला नाही. लढाईत मुडद्यांच्या शेजारी झोपलेला माणूस. दगडावरच्या अक्षरांना भिऊन घर सोडतोय होय? लोक हसतील. हसणारी लोकं माळाकडं फिरकतसुद्धा नव्हती, पण त्यांच्या हसण्याला भिऊन हा पठ्ठ्या एकटाच राहिला. सकाळी भाकरी थापायचा, एका बाजूला करपवायचा, तीच दुपारी खायचा. कुणाशी बोलणं म्हणजे म्हशीशी. पलटणीत हुकूम सोडायची सवय, म्हैस तेवढी ऐकायची. पावसाळ्यात धुराड्यातनं पाणी यायचं आणि आगीच्या कोनाड्यात टपटप वाजत राहायचं. तेवढाच घरात आवाज.

असा दुसरा पावसाळा सरला आणि सयाजी कागलला शमशुद्दीन गवंड्याकडं गेला.

शमशुद्दीन आला, दारासमोर उभा राहिला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला.

"हवालदार, ह्यो दगड माझ्या अब्बानं कोरलाय."

"थडग्याचा दगड?"

"कसलं थडगं. लगनाचा दगड हाय ह्यो. त्यांच्यात नवं घर केलं की नवराबायकोची अक्षरं दारावर काढत्यात. साहेबाची मेम यायची होती बोटीनं. तिच्यासाठी त्यानं अब्बाकडनं बदाम तीनदा मोडून करून घेतला."

"मग मेम पुरली कुठं?"

"पुरायला मरायला नको व्हय? आली, एक पावसाळा ऱ्हायली, गेली परत. साहेब एकटाच ऱ्हायला मागं."

सयाजीनं परत वर दगडाकडं बघितलं. मग म्हणाला, "हे गावात का न्हाय सांगितलंस?"

"मला कोण इचारतंय? आन् सांगितलं असतं तर म्हणाले असते, मिस्त्री मढं झाकतोय."

तेही खरंच. गावाला एकदा भूत मिळालं की गाव ते परत देत नाही.

"काढून टाक," सयाजी म्हणाला.

"काढला तर वरची भिंत खाली बसंल. आरपार दगड हाय, भिंतीएवढा. टेकू लावून फिरवता यील. अक्षरं आत, पाठ बाहीर."

"फिरव."

शमशुद्दीननं चार गडी आणले, टेकू लावले, पहारी घातल्या आणि दगड फिरवला. बाहेरून आता दारावर कोरा काळा दगड. सयाजीनं पेठ वडगावला निरोप धाडला, 'मढं गेलं. ये.'

बायडाबाई एस.टी.नं आली. सयाजी फाट्यावर उभा होता, धुतलेली टोपी घालून. ती उतरली तेव्हा त्याची नजर पहिल्यांदा तिच्या हाताकडं गेली. हातात छोटी पिशवी. त्यात फार तर डबा मावला असता.

वाटेत तो पुढं, ती मागं.

दारात तिनं वर बघितलं. मग सरळ उंबरा ओलांडून आत गेली. थबकली नाही, पदर सावरला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. सयाजी बघतच राहिला. आत जाऊन ती वळली, तर अक्षरं समोर.

"आत घेतलं व्हय मढं?"

"मढं न्हाय." त्यानं शमशुद्दीननं सांगितलेलं सगळं सांगितलं. लग्नाचं, बोटीचं, बदामाचं. मेम परत गेल्याचं तेवढं गाळलं.

बायडाबाई खदखदा हसली. या घरात ती पहिल्यांदाच हसली असेल. "म्हंजे मी लगनाच्या दगडाला भ्याले म्हणा की."

"भ्यालीस की."

"न्हाय वो." हसू गेलं. ती कोनाड्याच्या कडेला बसली. "भ्याले न्हवते. भ्याले म्हणून सांगितलं."

"का?"

"मग काय सांगू? भावाला म्हणाले असते, नवरा दिवसभर बोलत न्हाय, तोंड बघायला शेजारीण न्हाय, बसायला ओटा न्हाय, खिडकीतनं नुसता माळ दिसतोय, तर त्यानं आल्या पावली परत धाडली असती. म्हणाला असता, जेवायला घालतोय न्हवं? मढ्याचं नाव घेतलं, तर वहिनीनं पाट दिला बसायला. बाईला नवरा नको झाला म्हणून कोण घरात घेत न्हाय. भूत लागलं म्हणून घेत्यात."

सयाजीनं म्हशीकडं बघावं तसं बाहेर बघितलं.

"मला ताप आलता," ती म्हणाली. "पावसात. तुमी म्हशीपाशी होता, भिंतीच्या पल्याड. मी हाका मारल्या, घसा बसंस्तवर. ह्या भिंती हाक गिळत्यात वो. तुमी सांजच्याला आला आन् म्हणाला, चुलीत इस्तू का न्हाय."

"मला ऐकू आलं नसंल."

"तेच म्हणतेय न्हवं मी."

मग ती उठली, काटक्या आणल्या आणि त्या आगीच्या कोनाड्यात चहा टाकला. धूर सरळ वर गेला. "धूर मातुर झ्याक जातोय ह्या घरातला," ती म्हणाली. "जे जायचं ते बरोबर जातंय."

दोघांनी चहा घेतला. कप विसळून तिनं पालथा घातला आणि पिशवी हातात घेऊन उभी राहिली. लगेच निघाली नाही. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत उभी राहिली. आता एक शब्द पाहिजे होता. ऱ्हा म्हणायचं, नाहीतर ओटा बांधतो म्हणायचं, नाहीतर गावात खोली बघू म्हणायचं. सयाजीला तिन्ही सुचली. तिन्ही घशापर्यंत आली. पण आयुष्यभर हुकूम सोडलेल्या तोंडाला विनवणी कशी करतात ते ठाऊक नव्हतं, आणि पुरुषाला ते शिकवायची पद्धत आपल्यात नाही.

"एस.टी. कितीला हाय?" त्यानं विचारलं.

बायडाबाईनं बंद सोडले. "घावंल कंची तर," म्हणाली आणि गेली. तो पोचवायला उठला, तर तिनं हातानं बस म्हणून खूण केली.

तो बसला. समोर अक्षरं. अक्षरं बाहेर होती तोवर लोक निदान त्यांना घाबरायचे, तेवढा तरी त्यांचा उपयोग होता. आता ती फक्त त्याच्याकडं बघत होती. मेमचं एक आणि साहेबाचं एक. मेम गेल्यावर साहेब कुठं बसत असेल? याच कोनाड्यापाशी, दुसरी जागाच नाही.

पाठीमागच्या बाजूनं, भिंतीपल्याड, ती गावच्या वाटेला लागली असणार. सयाजी त्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"बायडे," त्यानं हाक मारली. मग मोठ्यांदा, पलटणीतल्या आवाजात, "बायडे. ऱ्हा."

आणि हाक बाहेर येते की नाही ते ऐकायला तो धावत दारातून बाहेर पडला, घराला वळसा घालून पाठीमागं आला. तिथं म्हैस रवंथ करत उभी होती. वाटेवर लांब बायडाबाई चालली होती, तिनं मान वळवली नव्हती. सयाजी भिंतीला कान लावून उभा राहिला. दगड गार होता, आणि हाक मारायला आत कुणीच नव्हतं.