कागदावरचा जिना

वकिलांचे गाऊन शिवणाऱ्या त्या घरात सकाळ सुयांनी सुरू व्हायची. आईला हल्ली सुईचं नेढं दिसत नसे, म्हणून दहा-बारा सुयांत काळा दोरा ओवून ठेवायचं काम लेकीकडे असे. पुढच्या खोलीत बापाचं दुकान, मागच्या खोलीत संसार. गाऊनचं माप द्यायला वकीलबाई आल्या की बाप खुर्ची पुसून "बसा मॅडम" म्हणायचा. स्वतःच्या पोरीनं तोच गाऊन घालायचं नाव काढलं की मात्र त्याच्या अंगाची लाहीलाही व्हायची.

गेल्या वर्षी कायद्याच्या प्रवेश परीक्षेला ती निघाली, तेव्हा त्यानं कापड मापायची जाड लाकडी पट्टी तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर हाणली होती. सुजलेल्या बोटांनी उत्तरांचे गोल भरताना शेवटचे पंधरा प्रश्न राहून गेले. प्रवेश तीन गुणांनी हुकला.

पुन्हा परीक्षेला बसायचं तर अर्जाचा आज शेवटचा दिवस होता. तिनं मात्र नाद सोडला होता.

"नको आई. मी पुस्तक उघडलं की मार तुला बसतो."

"माझं मी बघीन."

"काय बघणार? स्वतःची पाठ?"

दोघी खुदकन हसल्या. तेवढ्यात बाप अस्तराच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढत आत आला.

"हे कुणाचं काम?"

अर्ज पूर्ण भरलेला होता. अक्षर आईचं होतं.

"मी भरलाय," आई म्हणाली. "तिची सही तेवढी राहिलीय."

कागद चुरगळून त्यानं फेकला आणि पट्टी उचलली. पहिला फटका दंडावर बसला, दुसरा कानशिलावर, तिसरा आडव्या धरलेल्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज लेकीनं ऐकला. आई कोसळली, तरी त्यानं केसांना धरून तिचं डोकं मशीनच्या लोखंडी पायावर आपटलं. लेक मध्ये पडली. पट्टी तिच्या खांद्यावर मोडली, तेव्हा तिच्या हाताला कापडाची मोठी कात्री लागली.

"मागे व्हा, बाबा! आता हात लावाल तर याद राखा!"

जन्मात पहिल्यांदा बाप मागे सरला. शेजारच्या घरातला रेडिओ मोठा झाला होता. असा आरडाओरडा झाला की तो नेहमीच मोठा व्हायचा.

दवाखान्यात डॉक्टरांनी आईचा जुना कागद काढला. "पुन्हा जिन्यावरून पडल्या वाटतं?" म्हणत पेन चालूही झालं. त्या कागदावर ती ओळ आधीच पाच वेळा होती. गेल्या वर्षी स्वतःच्या बोटांसाठी लेकीनंही तोच जिना सांगितला होता. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"डॉक्टर, आमचं घर बैठं आहे. दोन खोल्या. जिना नाहीच. हिला माझ्या बापानं मारलंय. तसं लिहा आणि पोलिसांना बोलवा. मी जबाब देते."

डॉक्टरांची मान खाली गेली. आईनं घरातून निघताना उचललेला चुरगळलेला अर्ज डाव्या हातानं पिशवीतून काढला.

"आधी इथं सही कर. पाचला खिडकी बंद होते."

लेकीनं डॉक्टरांच्याच हातातलं पेन घेतलं आणि सही केली.

वाचकहो, डॉक्टरांना खुशाल दोष द्या. पण त्याआधी आठवून पाहा, भिंतीपलीकडून असा आवाज आला होता, तेव्हा तुमचा रेडिओ किती मोठा होता?