डागाचा तिसरा अर्थ

बाईंनी लाल पेन्सिलीने 'डाग' या शब्दाचा तिसरा अर्थ खोडला आणि कार्ड संपादकांच्या टेबलावर सरकवलं. पहिला अर्थ कपड्यावरचा, दुसरा अब्रूवरचा, चौथा दागिन्याचा. तिसरा होता तापल्या सळईने अंगावर उमटवलेलं धार्मिक चिन्ह.

"हा का उडवला?" संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"कुणी वापरत नाही आता."

"कुणाला विचारलंत?"

शब्दकोशाच्या या कचेरीत एक नियम होता. अर्थ काढायचा तर आधी सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाला विचारायचं आणि त्याचं नाव कार्डाच्या मागे लिहायचं. बावीस वर्षांत बाईंनी तो कधी मोडला नव्हता. उलट त्यावरून नव्या लोकांचे कान त्याच उपटायच्या.

"विचारते," त्या म्हणाल्या.

तो अर्थ त्यांच्या डाव्या मनगटावर होता. भर उन्हाळ्यातही त्या लांब बाह्या घालत. बाईंना पंख्याची दृष्ट लागते, अशी कचेरीत थट्टा व्हायची आणि त्याही ती हसण्यावारी न्यायच्या. शाळेत मात्र 'डागवाली' म्हणून पोरी बाकावर शेजारी बसायच्या नाहीत, तेव्हा हसू आलं नव्हतं. कोशातून तो अर्थ गेला तर त्यांना हवाच होता. निदान छापील पानावर तरी सुटका झाली असती.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्यांनी आईला फोन लावला. मायलेकींचं रविवारचं बोलणं गोळ्या आणि गुडघे यांपलीकडे कधी जात नसे. आज मंगळवार होता.

"काय झालं गं?" आई घाबरलीच.

"काही नाही. कामाचं विचारायचंय. माझ्या मनगटावर आहे ना, त्याला तुम्ही डाग म्हणायचात ना?"

पलीकडे चालू असलेला नळ बंद झाला.

"आम्ही नाही. डाग बाकीचे म्हणायचे."

"मग तुम्ही काय म्हणायचात?"

"खूण. तुझ्याआधीची दोघं गेली होती. तुलाही ताप चढला, तेव्हा मीच म्हटलं, हिच्यावर खूण करा. देवाने नेलीच तर त्याला दिसू दे, हिची घरी कुणीतरी वाट बघतंय."

"हे कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

बाईंना राग यायला हवा होता. चाळीस वर्षं जपलेला राग ऐन वेळी सापडेना. "गोळ्या घे वेळेवर," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुपारी संपादकांसमोर दोन कार्डं आली. पहिल्यावर तिसरा अर्थ परत लिहिला होता, पुढे कंसात 'बाहेरच्यांच्या तोंडी'. दुसरं कार्ड नवं करकरीत, 'खूण' या शब्दाचं: 'आजारी मूल परत मिळावं म्हणून घरच्यांनी त्याच्या अंगावर दिलेली डागणी.' मागे एकच नाव होतं.

"नवा अर्थ घालायचा तर दोन माणसं लागतात, बाई. आणखी कोण म्हणतं असं?"

"मी."

"कधीपासून?"

बाईंनी कार्ड उलटं करून स्वतःकडे ओढलं.

"जेवणाच्या सुट्टीपासून," त्या म्हणाल्या आणि आईच्या नावाखाली आपलं नाव लिहू लागल्या.